माळ्यावरची छर्ऱ्याची बंदूक पुन्हा चालती करताना

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती एकामागून एक रिडेव्हलपमेंटला चालल्या आहेत आणि कित्येक वर्षं कुणी न उपसलेले माळे रिकामे होताहेत. पितळी घंगाळ निघतं, बंद पडलेला रेडिओ निघतो, आणि काही घरांत एक लांबट बोचकंही निघतं: जुन्या धोतरात नाहीतर गोणपाटात गुंडाळलेली छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन. मे महिन्यात गावाला जाताना काकांनी बरोबर घेतलेली, परसात डालड्याचे डबे पाडलेली. नळीवर गंज, लाकडी दस्त्यावर धुळीचा थर, आणि नळी मोडली, म्हणजे सांध्यावर खाली वाकवली, की आतून स्प्रिंग किरकिरते.

सापडल्यावर बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकतात. नाहीतर आत खोबरेल ओतून लगेच दोन-चार बार काढून बघतात. पहिल्यात बंदूक जाते, दुसऱ्यात बंदुकीचा जीव जातो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशी बंदूक नवी कोरी करायची नसते, आणि जास्त जोरदार तर मुळीच करायची नसते. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी चालत होती तशी चालली की काम झालं. पुढचं सगळं त्याच बेतानं लिहिलं आहे.

हात लावण्याआधी

बंदूक हातात आली की धरून चालायचं की ती ताणलेली, म्हणजे स्प्रिंग दाबून बार सोडायला सज्ज आहे, आणि आत छर्रा आहे. कुणीतरी ताणून ठेवली आणि तशीच विसरला, हे अजिबात अशक्य नाही. तोंड पक्क्या भिंतीकडे ठेवा, चापाजवळ बोट नेऊ नका, आणि नळी सांध्यावर हळूच मोडा. ताणलेली नसेल तर नळी थोडी सैल जाते आणि मग स्प्रिंगचा जोर हाताला लागतो. ताणलेली असेल तर जोर लागतच नाही, नळी नुसती लोंबते. मग मागच्या बाजूनं नळीत डोकावून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहा. तोंडाकडून डोकावायचं नाही, रिकामी आहे अशी खात्री असली तरीही.

ताणलेली निघाली तर रद्दीनं गच्च भरलेल्या खोक्यात तोंड खुपसून, छर्रा घालून, नळी नीट बंद करून बार सोडा. छर्ऱ्याशिवाय सोडायची नाही. छर्रा नसला की पुढे हवेची उशी राहत नाही आणि पिस्टन थेट लोखंडावर आदळतो.

दुसरी खबरदारी कायमची आहे. नळी मोडलेली असताना चाप ओढला गेला तर नळी फटकन वर येते. त्यात बोट चेचतं, नळी वाकते, दस्ताही चिरतो. म्हणून छर्रा घालताना एका हाताची पकड नळीवर घट्ट असलीच पाहिजे. जुन्या बंदुकांना आजच्यासारखी सेफ्टी नसते.

आधी छर्ऱ्याचं माप, मग पेचकस

ही पायरी लोक गाळतात, आणि नेमकी हीच गाळायची नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या वर नसेल आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या वर नसेल, तर एअरगनला परवाना लागत नाही. दोनपैकी एक जरी मर्यादा ओलांडली तर लागतो. जुन्या घरांत निघणाऱ्या बंदुकांत ०.२२ इंची, म्हणजे ५.५ मिलिमीटरच्याही असतात, आणि त्या दिसायला अगदी सारख्याच असतात.

ओळखायचं कसं? नळीच्या मागच्या ठोकळ्यावर बहुधा ४.५, ५.५, १७७ किंवा २२ असा आकडा कोरलेला असतो. गंजामुळे दिसत नसेल तर ४.५ चा छर्रा मागून नळीत ठेवा. बोटानं दाबून बसवावा लागला तर माप बरोबर. स्वतःहून आत घरंगळला तर नळी मोठी आहे.

५.५ ची निघाली तर पेचकस खाली ठेवा. घरात तिचा परवाना आहे का ते कागदपत्रांत शोधा. नसेल तर आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करून पुढचा मार्ग विचारा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ मध्ये अशी जमा करायची सोय आहे. वारशात आलेली वस्तू घेऊन पोलिसांकडे जायला माणूस बिचकतो हे खरं. आधी वकिलाशी किंवा विक्रेत्याशी बोलून मग जा, पण ती तशीच दडवून ठेवून दुरुस्त करत बसू नका.

२० जूलची भीती मात्र बाळगू नका. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगानं सुटला तर ऊर्जा साधारण ७ जूल होते. २० जूल गाठायला त्याच छर्ऱ्याला २८० मीटरच्या पुढे जावं लागेल, आणि त्या काळातली मध्यम आकाराची बंदूक तिथवर पोचत नाही. ती मर्यादा ओलांडली जाते ती नंतर कुणी हौसेनं राक्षसी स्प्रिंग बसवल्यामुळे.

कुठली आहे?

सिलिंडरच्या वरच्या बाजूला तेलाचा बोळा फिरवा, शिक्का वाचता येईल एवढंच. आपल्याकडे सगळ्यात जास्त नाव निघतं ते डायनाचं. जर्मनीतल्या रास्टाट गावी १८९० मध्ये सुरू झालेला हा कारखाना. त्याच्या शिक्क्यात रोमन शिकारदेवता धनुष्यबाण टाकून देऊन एअरगन उंचावते आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्याची यंत्रं आणि डायना हे नाव स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेलं. रास्टाटवाल्यांनी १९५० च्या सुमारास पुन्हा काम सुरू केलं, पण ब्रिटनच्या बाजारात स्वतःचंच नाव वापरता येईना म्हणून तिथला माल ‘ओरिजिनल’ या नावानं विकला. त्यामुळे डायना लिहिलेली बंदूक ब्रिटिश आणि ओरिजिनल लिहिलेली जर्मन असा उलटा प्रकार दिसतो. जर्मन बंदुकीच्या सिलिंडरवर मागच्या बाजूला अनेकदा महिना आणि वर्ष बारीक अंकांत ठोकलेलं असतं. ते सापडलं तर जपा, पॉलिश पेपरनं घासून घालवू नका. पंचकोनात ‘एफ’ असा शिक्का असेल तर बंदूक १९७० नंतरची आणि ७.५ जूलच्या आतली, कारण तो जर्मन कायद्याचा शिक्का आहे.

बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीची बंदूक तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या चित्रावरून ओळखू येते. या कंपनीचं मिटिअर हे मॉडेल १९५९ मध्ये आलं. आणि देशी म्हणाल तर आयएचपी, म्हणजे इंडियन ह्यूम पाइप, त्याच पाइप करणाऱ्या कंपनीच्या बंदुका. त्यांची ३५ नंबरची बंदूक डायना ३५ च्या वळणावर बेतलेली. देशी म्हणून कमी लेखू नका, तिचं पोलाद चांगलं असतं.

पुढचं वर्णन डायनाचं २७ नंबरचं मॉडेल डोळ्यासमोर ठेवून केलं आहे. नळी मोडून ताणायच्या बाकीच्या बंदुकांची आतली रचना बरीचशी अशीच असते: एक सिलिंडर, त्यात पिस्टन, पिस्टनच्या पोटात स्प्रिंग, पिस्टनच्या टोकाला चामड्याचा वॉशर, मागे चापाचा ठोकळा. स्प्रिंग छर्रा ढकलत नाही. ती पिस्टन ढकलते, पिस्टन हवा दाबतो, आणि दाबलेली हवा छर्रा ढकलते. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्म्या तक्रारींचं निदान आपोआप होतं.

खोलणं

सगळ्यात आधी स्क्रूंच्या खाचा. दस्त्याच्या पुढच्या दोन अंगांना एकेक आणि चापाच्या कड्यात एक-दोन स्क्रू असतात. घरातला पाचरीसारखा निमुळता पेचकस त्या खाचांची वाट लावतो. पेचकसाचं टोक कानशीनं सपाट, खाचेच्या तळापर्यंत नेमकं बसेल असं करून घ्या. गंज धरला असेल तर भेदक तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर थांबा, मग आधी घट्ट करायच्या दिशेनं किंचित, नंतर उलट. बीएसएला जुने इंची आटे असतात. हरवलेल्या स्क्रूच्या जागी मेट्रिक स्क्रू जबरदस्तीनं बसवलात तर आटे कायमचे गेले. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू अंड्याच्या ट्रेमध्ये क्रमानं ठेवा.

दस्ता निघाला की खरी जोखीम येते. स्प्रिंग न ताणलेल्या अवस्थेतही आत काही सेंटीमीटर दाबून बसवलेली असते. मागच्या ठोकळ्याच्या आडव्या पिना नुसत्या ठोकून काढल्या तर तो ठोकळा गोळीसारखा सुटतो. म्हणून सुतारकामातला लांब क्लँप लागतोच, ज्यात फळ्या चिकटवताना आवळतात तो. नळीच्या बाजूला लाकडी ठोकळा, मागच्या टोकाला मधोमध खळगा केलेला दुसरा ठोकळा, आणि मध्ये बंदूक. क्लँप आवळून चापाच्या ठोकळ्यावरचा जोर आपल्याकडे घ्या. पिना बोटानं सरकायला लागल्या की समजा जोर बरोबर आहे. त्या काढा आणि क्लँप अर्धा-अर्धा फेरा सैल करत या. उभं राहायचं बाजूला. बंदुकीच्या रेषेत तोंड, पोट किंवा बघायला जमलेली पोरं असता कामा नयेत.

डायना २७ च्या चापाची रचना फार सुरेख आहे. एकात एक बसणाऱ्या नळ्या आणि पिस्टनच्या दांड्याला धरून ठेवणाऱ्या तीन छोट्या पोलादी गोळ्या. चाप इतका मऊ लागतो तो त्यांच्यामुळे. पण खोलताना याच गोळ्या घरंगळून सोफ्याखाली जातात. खाली पांढरा पंचा पसरा आणि काम त्याच्यावरच करा.

पिस्टन मात्र अजून येत नाही, कारण ताणायचा दांडा, म्हणजे नळी मोडताना पिस्टन मागे ढकलणारा, त्याच्या खाचेत अडकलेला असतो. सांध्याचा बोल्ट काढून नळी वेगळी करा, दांडा खाचेच्या रुंद भागातून बाहेर घ्या, मग पिस्टन मागून सरकत येईल. पन्नास वर्षांचं ग्रीस तोवर काळ्या गुळासारखं झालेलं असतं. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही. टर्पेंटाइन चालतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवघरातली समई विझवलेली.

वॉशर

बंदुकीचा जोर गेला असेल तर नव्वद टक्के दोष याचा, स्प्रिंगचा नव्हे. चामडं वाळून काष्ठ झालेलं असतं, कड फाटलेली असते, हवा बाजूनं निसटते. चामडं नुसतं कोरडं पडलं असेल, फाटलं नसेल, तर दोन दिवस तेलात बुडवून ठेवून पाहा. बऱ्याचदा एवढ्यानंच बंदूक जागी होते.

नवा करायचा तर चामडं कुठलंही चालत नाही. पर्स आणि जॅकेटचं क्रोमनं कमावलेलं चामडं मऊ असतं पण आकार धरत नाही. लागतं ते झाडाच्या सालीत कमावलेलं, म्हणजे कोल्हापुरी चपलेचं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं हे चामडं ओलं असताना वळतं आणि वाळलं की त्याच आकारात राहतं. चपला बनवणाऱ्या कारागिराकडे ३ मिलिमीटर जाडीचा तुकडा मागा. तळाचा नको, वरच्या पट्ट्याचाही नको, मधल्या जाडीचा.

सिलिंडरचा आतला व्यास व्हर्नियरनं मोजा. तो २५ मिलिमीटर आला आणि वाटीची कड ८ मिलिमीटर उंच हवी असेल, तर चकती साधारण ४० मिलिमीटरची कापायची. साचा दोन भागांचा: एक कडं, ज्याचं भोक सिलिंडरच्या आतल्या मापाचं, आणि एक दट्ट्या, ज्याचा व्यास त्यातून चामड्याची दुप्पट जाडी वजा केल्याइतका, म्हणजे इथे १९ मिलिमीटर. १९६० च्या दशकात एमआयडीसीची पहिली वसाहत म्हणून उभ्या राहिलेल्या वागळे इस्टेटमध्ये किंवा पलीकडे रबाळे-महापेच्या पट्ट्यात कुठल्याही लेथवाल्याला कागदावर आकृती काढून दिलीत तर त्याच्यासाठी हे चहाच्या सुट्टीतलं काम आहे. ‘बंदुकीचा साचा’ म्हणून सांगू नका, वॉशरचा साचा म्हणा. उगाच प्रश्न वाढतात.

चकती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळत्या पाण्यात टाकली तर चामडं आक्रसून कडक होतं. कड्यावर ठेवून दट्ट्या व्हाइसमध्ये सावकाश दाबा आणि सावलीत पूर्ण वाळेपर्यंत साच्यातच राहू द्या, पावसाळ्यात तर तीन-चार दिवसही. पंख्याखाली चालेल, उन्हात नको. वाळली की वरची कड धारदार ब्लेडनं एकसारखी कापा, मधोमध स्क्रूपुरतं भोक पाडा आणि रात्रभर तेलात मुरवा. चामड्याच्या सामानासाठी मिळणारं नीट्सफूट तेल उत्तम, सिलिकॉन तेलही चालतं. बसवताना वाटीचं उघडं तोंड पुढे, नळीच्या बाजूला. हवेचा दाब आला की कड फाकते आणि सिलिंडरला चिकटते, सगळी करामत तीच.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कळायला हवी. सिलिंडरला खालून ताणायच्या दांड्यासाठी लांब खाच असते आणि तिच्या कडा ब्लेडसारख्या असतात. नवा वॉशर आत ढकलताना त्यांच्यावर घासून सोलला जातो. आधी त्या कडा बारीक कानशीनं आणि एमरी कापडानं मोडून घ्या. मग वॉशरला तेल लावून, गोल गोल फिरवत, अंगठ्याच्या जोरानं आत सरकवा.

नळी आणि सिलिंडर जिथे मिळतात तिथेही एक छोटं कडं असतं, चामड्याचं किंवा रबराचं. त्याची परीक्षा सोपी: सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून बार सोडा. पट्टी उडाली की हवा गळते आहे. रबराचं कडं मापानं ओ-रिंगच्या दुकानात मिळून जातं.

स्प्रिंग

जुनी स्प्रिंग सपाट काचेवर घरंगळवा. सरळ गेली तर वाकलेली नाही. मध्येच उड्या मारत गेली तर वाकलेली, आणि तीच किरकिरते. थोडी आखूड झालेली असणं स्वाभाविक आहे, तेवढ्यासाठी बदलू नका.

बदलायचीच तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर तयार मिळते का पाहा, नाहीतर स्प्रिंग बनवणाऱ्याकडून करून घ्या. त्याला चार गोष्टी सांगायच्या: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढे किती, आणि दोन्ही टोकं बंद करून घासून सपाट. पाचवी गोष्ट स्वतः तपासायची. पूर्ण ताणल्यावर वेढे एकमेकांना चिकटता कामा नयेत. तारेची जाडी ३ मिलिमीटर आणि वेढे ३३ असतील तर पूर्ण दबलेली स्प्रिंग ९९ मिलिमीटर जागा खाते. ताणलेल्या पिस्टनमध्ये त्याहून थोडी जास्त जागा शिल्लक असली पाहिजे, नाहीतर बंदूक ताणलीच जाणार नाही किंवा दांडा वाकेल.

‘थोडी जाड तार घालू का? जोर वाढेल.’ हे वाक्य तुम्हाला कुणीतरी म्हणणारच. उत्तर नाही. जाड स्प्रिंगनं धक्का वाढतो, नेम बिघडतो, जुन्या सांध्यावर ताण येतो आणि कायद्याची मर्यादाही जवळ सरकते. छर्ऱ्याचा वेग मात्र तितका वाढत नाही, कारण सिलिंडरमध्ये हवा तेवढीच असते.

वंगणाचा नियम वॉशरच्या पुढे आणि मागे असा वेगळा आहे. मागे, म्हणजे पिस्टनच्या अंगाला, स्प्रिंगला आणि चापाच्या गोळ्यांना मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा पातळ हात. पुढे, जिथे हवा दाबली जाते, तिथे साधं तेल किंवा ग्रीस अजिबात नाही. दाबानं हवा इतकी तापते की तेल डिझेल इंजिनासारखं पेटतं, मोठा आवाज येतो, धूर निघतो आणि वॉशर जळतो. खोबरेल तर दोन्हीकडे बाद: थंडीत गोठतं, उरलेल्या दिवसांत चिकट होतं.

गंज, नळी, दस्ता

ठाण्याची हवा दमट. कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी ही खाडीकाठची मंडळी तर मीठही सोसतात. त्यामुळे गंज असणारच. वरवरचा तांबूस गंज तेल आणि सगळ्यात बारीक, चार शून्यांची स्टील वूल एवढ्यानं जातो. गोल नको, नळीच्या लांबीनं हात फिरवा. खालचा निळसर काळा रंग जिथे टिकला आहे तिथे थांबा. खड्डे पडले असतील तर पडू देत. ते भरून, घासून, आरशासारखं चमकवून काळा रंग देणारे असतात, पण त्यात शिक्का, कडा आणि बंदुकीचं वय सगळंच पुसलं जातं. उघडं पडलेलं पोलाद झाकायचं असेल तर बाटलीत मिळणारं थंड ब्लूइंगचं, म्हणजे पोलादाला तसाच निळसर काळा रंग देणारं, द्रावण हातमोजे घालून लावा. त्यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको.

नळी आतून साफ करायला मासेमारीचा जाड नायलॉन दोरा घ्या, त्याला मलमलची चिंधी बांधा आणि मागून पुढे ओढा. चिंधी पांढरी येईपर्यंत, बस्स. लोखंडी सळई घालू नका, आतले पीळ, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचा, खरवडतात. स्वस्तातल्या काही बंदुकांची नळी आतून गुळगुळीतच असते. तुमचीही तशी असेल तर नेमाची अपेक्षा बेतानं ठेवा.

दस्ता बहुधा बीच लाकडाचा. पॉलिश पेपर लावायचा मोह आवरा. आधी टर्पेंटाइनच्या बोळ्यानं मळ काढा. पोचा असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, वाफेनं लाकडाचे दबलेले तंतू फुगून वर येतात. मग रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसाचं तेल: अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसून कोरडं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे चार-पाच हात बसले की लाकूड जिवंत दिसतं. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या मोकळ्यावर पसरून वाळवा, मग टाका. दस्त्यातून बारीक पिठूळ भुगा पडत असेल तर किडा आत आहे. आधी त्याचा बंदोबस्त, तेल नंतर.

पहिले बार आणि नेम

जुळवणी म्हणजे खोलण्याचे फोटो उलट्या क्रमानं. गोळ्या ग्रीसनं जागेवर चिकटवा, क्लँपनं स्प्रिंग दाबा, पिना घाला. दस्ता चढवण्याआधी चाप नीट धरतो का ते पाहा: नळी पूर्ण मोडून, हातात घट्ट धरून ठेवा, अडकली का ते बघा, मग चापाच्या ठोकळ्यावर हलकेच थापटा. सुटली तर चाप झिजला आहे आणि बंदूक चालवायची नाही, जाणत्याला दाखवायची. सुटली नाही तर छर्रा घालून रद्दीच्या खोक्यात मोकळी करा.

पहिल्या काही बारांना थोडा धूर आणि तेलाचा वास येईल. वॉशरमधलं जादा तेल जळतंय, ते थांबेल. वेग मोजायचा तर छर्ऱ्याच्या आवाजावरून वेग काढणारी मोबाइल ॲप आहेत. तंतोतंत नाही, पण मागच्या आठवड्यापेक्षा बरं की वाईट एवढं कळतं.

स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरली की नेम जातो. छर्रा नळीतून निघायच्या आधीच पिस्टनच्या धावण्यानं ती मागे आणि मग पुढे हलते. तो हेलकावा दर वेळी सारखा व्हायला हवा, म्हणून तळहातावर सैल टेकवा, वाळूच्या पिशवीवर किंवा टेबलाच्या कडेवर नको. नेम धरायची मागची खाच ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला छर्रा सरकतो. दुर्बीण लावू नका. दोन दिशांच्या धक्क्यानं स्वस्त दुर्बिणी खिळखिळ्या होतात, आणि नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत धरून नेम साधायला शिकण्यातच या बंदुकीची गंमत आहे.

छर्रे शिशाचे असतात. लहानपणी आपण सगळ्यांनी ते गालात धरले आहेत, मुलांना ते करू देऊ नका. काम झालं की साबणानं हात धुवायचे. छर्रे झेलायला पुठ्ठ्याच्या खोक्यात दाबून भरलेली रद्दी आणि मागे जाड फळी पुरते. गणपतीनंतर उरलेली शाडू माती लाकडी पेटीत थापून ठेवली तर अजून बरं, छर्रे उसळत नाहीत. ती माती नंतर मूर्तीला किंवा कुंडीत वापरायची नाही.

कुठे चालवायची, कुठे नाही

सोसायटीच्या गच्चीवर, बाल्कनीतून, पार्किंगमध्ये नाही. कबुतरांवर, कावळ्यांवर तर नाहीच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी गाठ आहे. येऊरला सहलीला जाताना गाडीत टाकून नेऊ नका. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाणं हा गुन्हा आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टाही २०१५ पासून अभयारण्य आहे. पोलीस आयुक्तालयं वेळोवेळी मनाई आदेश काढतात, त्यात शस्त्रं बाळगून फिरायला बंदी असते. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी आयुक्तालयं, म्हणून बाहेर न्यायच्या आधी दोन्हीकडचं पाहून घ्या. न्यायची तर न ताणलेली, बंद पिशवीत, छर्रे वेगळे.

मग चालवायची कुठे? सगळ्यात बरं म्हणजे नेमबाजीची १० मीटरची खासगी रेंज. तिथे बहुतेक जण दाबलेल्या हवेच्या आधुनिक रायफली घेऊन येतात, त्यामुळे जुनी स्प्रिंगची बंदूक आणू देतात का ते आधी विचारा. १० मीटरच्या स्पर्धेच्या निशाणाचा व्यास ४५.५ मिलिमीटर आणि मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. तो ठिपका विसरा. १० मीटरवर पाच छर्रे चहाच्या बशीत बसले तर बंदूक बरी, एक रुपयाच्या नाण्याभोवती बसले तर फारच छान. गावाला स्वतःचं आवार असेल तर मागे मातीचा बांध आणि घरातलं एक मोठं माणूस कायम जवळ.

ठेवताना

ताणून ठेवायची नाही, एक रात्रसुद्धा. रेक्झिनच्या कव्हरात ठेवायची नाही, त्यात ओल कोंडते आणि ऑगस्ट संपेपर्यंत गंज परत येतो. सुती पिशवी, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि कुलुपाचं कपाट. छर्रे दुसऱ्या कपाटात, किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. हाताच्या घामाचे ठसे नळीवर दोन दिवसांत उमटतात, म्हणून ठेवण्याआधी तेलाचं फडकं फिरवा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बाहेर काढून पुसा. सांध्याच्या खाली आणि मागच्या खाचेच्या स्क्रूभोवती आधी बघा, गंज तिथून सुरू होतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, सिलिंडरच्या पुढच्या छिद्रातून सिलिकॉन तेलाचे दोन थेंब वॉशरला द्या, बंदूक तोंड वर करून रात्रभर उभी ठेवा, आणि सकाळी दस्त्याचे स्क्रू पुन्हा आवळा, कारण धक्क्यानं ते सैल होतच असतात.